ब्र्युईर आणि ब्रेर: पानांची सळसळ, गाढवाचं रेकणं

फ्रेंच शिकणाऱ्याच्या कानाला ही दोन क्रियापदं हमखास चकवतात. ब्र्युईर म्हणजे सळसळणं; झाडाच्या पानांचं, रेशमी कापडाचं. ब्रेर म्हणजे गाढवाचं रेकणं. पुढेमागे तीच व्यंजनं, फरक काय तो मधल्या स्वरांचा. साहजिकच वाटतं, एकातून दुसरं निघालं असणार. तसं नाही, पण ती एकमेकांना अगदी परकीही नाहीत.

ब्रेरचा माग सोपा आहे. बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘ब्रागेरे’ असं ओरडण्याचं क्रियापद असावं, असं अभ्यासक मानतात. जुन्या फ्रेंचमध्ये माणसांच्या आरडाओरडीलाही ब्रेर म्हणत. पुढे अर्थ आक्रसून गाढवापाशी येऊन थांबला. उत्तर फ्रान्समध्ये, लीलच्या बाजूला, मूल रडायला लागलं की आजही हाच शब्द वापरतात. गाढवाच्या रेकण्याला इंग्रजीत ‘ब्रे’ म्हणतात, तेही इथूनच आलं.

ब्र्युईरने मात्र मला खरी भूल घातली आहे. लॅटिनमध्ये सिंहाच्या डरकाळीसाठी ‘रूगीरे’ होतं. ते आणि ‘ब्रागेरे’ लोकांच्या तोंडी एकमेकांत मिसळले आणि ‘ब्रूगेरे’ तयार झालं, असं बहुतेक व्युत्पत्तिकोश सांगतात. म्हणजे ‘ब’ आला गाढवाकडून, ‘ऊ’ सिंहाकडून, आणि झाली पानांची सळसळ! अर्थात ही सळसळ नंतरची. मध्ययुगात ब्र्युईर म्हणजे गर्जणं, दणाणणं असंच होतं. जुना मोठा आवाज अजून ऐकायचा असेल, तर त्याच्या घरातल्या शब्दांकडे जावं. ‘ब्र्युई’ (शेवटचा ‘त’ फक्त लिहायचा) हे मूळचं भूतकालवाचक कृदंत नाम होऊन बसलं: आवाज, गोंगाट. ‘ब्र्युइयाँ’ हे वर्तमानकालवाचक कृदंत विशेषण झालं: गोंगाट करणारा. मुलं दंगा करत राहिली, क्रियापद मात्र कुजबुजीवर आलं.

ब्र्युइयाँ असं निसटल्यावर क्रियापदाला नवं कृदंत लागलं, ‘ब्र्युइसाँ’. मुळात ब्र्युईर अपूर्ण क्रियापद; तृतीय पुरुषाबाहेर ते क्वचितच दिसतं. मग लोकांनी ‘ब्र्युइसे’ असं सरळ चालणारं नवं क्रियापदच घडवलं. शुद्धतेचे आग्रही ते चूक ठरवतात. मला ती चूक वाटत नाही: दोन शब्द मिसळून ज्यांनी ब्र्युईर घडवलं, तेही बोलणारे लोकच होते.