प्रस्ताव दिला, आता मागे घ्यायचा आहे: मुदत, पात्रता आणि कागदपत्रं

म्हापशाला कोर्टाजवळ टायपिंगला बसलं की हा प्रश्न अधूनमधून येतोच: "विकतो म्हणून पत्र दिलं होतं, आता विचार बदलला. रद्द करायचा फॉर्म खंय मेळटा?" फॉर्म नाही. शुल्क नाही, कुठल्या कार्यालयाची मंजुरीही नाही. आहे ती फक्त वेळेची शर्यत.

लग्नासारख्या बाबतीत गोव्यात अजून पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेकडे बघावं लागतं, म्हणून करारही तिच्यातच येतो असं काहींना वाटतं. तसं नाही. करारांना इथेही भारतीय करार कायदा, १८७२ लागतो. त्याचं कलम ५ सांगतं की समोरच्याची स्वीकृती तुमच्यापुरती पूर्ण होण्याआधी प्रस्ताव केव्हाही मागे घेता येतो, नंतर नाही. ती पूर्ण केव्हा होते, हे कलम ४ मध्ये आहे, आणि घोळ तिथेच होतो.

समजा, तुम्ही फोंड्याच्या गृहस्थांना जुनी स्कूटर ४० हजारांना देतो असं सोमवारी पत्राने कळवलं. त्यांनी बुधवारी दुपारी ४ वाजता 'मंजूर' असं लिहून पत्र पोस्टात टाकलं. तुम्ही गुरुवारी सकाळी 'विकायची नाही' असं स्पीड पोस्टने कळवलं, ते त्यांना शुक्रवारी मिळालं. उशीर झाला. पत्र त्यांच्या हातून सुटलं त्या क्षणी, म्हणजे बुधवारी ४ वाजताच, तुम्ही बांधले गेलात. त्यांचं पत्र तुम्ही अजून वाचलेलं नाही, ही सबब चालत नाही. ते स्वतः मात्र त्यांचं पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत फोन करून स्वीकृती मागे घेऊ शकतात! मला हे थोडं एकतर्फी वाटतं, पण कायदा असा आहे.

उलट बाजूने, तुमची माघार त्यांच्या कानावर जाईपर्यंत त्यांच्यापुरती लागू होत नाही. म्हणून घाई असेल तर आधी फोन करा, मग लेखी पाठवा. फोनवरच होकार आला तर तो तुम्हाला ऐकू आला तिथेच करार होतो; सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये भगवानदास केडिया प्रकरणात हे ठरवलं.

"१५ दिवस थांबतो" असं म्हटलं असेल तरी त्या थांबण्याचा वेगळा मोबदला घेतलेला नसेल तर आधीच माघार घेता येते. मोबदला घेतला असेल तर १५ दिवस थांबावंच लागेल.

माघार कोण घेऊ शकतो? ज्याने प्रस्ताव दिला तो, किंवा त्याचा अधिकृत माणूस. मुखत्यार असेल तर मुखत्यारपत्राची प्रत, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव जोडा. शेजाऱ्यामार्फत निरोप पोचवून भागवू नका. कलम ६ मध्ये सूचना प्रस्ताव देणाऱ्यानेच द्यायची आहे.

सोबत काय ठेवायचं: मूळ प्रस्तावाची प्रत, माघारीचं सहीचं पत्र (त्यात तारखेबरोबर वेळही घाला), स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याचा पुरावा, किंवा हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर 'मिळालं' अशी सही. व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर कळवलं असेल तर संदेश पुसू नका. उद्या कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं.

मुदत संपली, किंवा मुदत नसताना रास्त काळ उलटला, तर प्रस्ताव आपोआप संपतो. समोरच्याने '३५ हजारांना द्या' म्हटलं तर तो होकार नव्हे, नवा प्रस्ताव झाला.

सरकारी निविदेत बोली मागे घेता येते, पण अटींमध्ये तसं लिहिलेलं असेल तर अनामत रक्कम जप्त होऊ शकते. २००३ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती वैध मानली. तेव्हा पत्र लिहिण्याआधी अटींचं ते पान काढून वाचा.

आणि देवळातल्या नारळांच्या पावणीत, म्हणजे लिलावात? मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडेपर्यंत किंवा तिथल्या रीतीप्रमाणे सौदा जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. शेवटचा पुकार झाला की नारळ तुमचे.