संक्रांत चौदाची की दहाची? पडद्यावरच्या आकाशामागचा जुना वाद

छापील नकाशे, फिरत्या चकत्या, १९२३ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा दाखवलेला तारांगणाचा प्रोजेक्टर, हा झाला आकाश दाखवणाऱ्या साधनांचा आधीचा इतिहास. नागपुरात गांधीसागराजवळचं तारांगण नव्वदच्या दशकात सुरू झालं आणि शाळेच्या सहली घुमटाखाली बसू लागल्या. पण तिथे काय बघायचं ते निवेदक ठरवणार. काळाचा काटा आपल्या हाती आला तो संगणकावर हव्या त्या तारखेचं आकाश दाखवणाऱ्या स्टेलेरियमसारख्या सॉफ्टवेअरमुळे. एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये हे काम सुरू केलं. सॉफ्टवेअर फुकट, कोड सगळ्यांना खुला, आणि साध्या डाउनलोडमध्येच सहा लाखांवर तारे. पुढे २००९ च्या सुमारास फोन आकाशाकडे धरून तारा ओळखणारी ॲप्स आली. लोखंडी टाकीशेजारी उभं राहिलं की त्यांची दिशा अजूनही चुकते, तो भाग वेगळा.

काळाचा काटा हाती आल्यावर आपल्याकडचा माणूस हमखास एक गोष्ट करून बघतो. ठिकाण नागपूर, तारीख १४ जानेवारी, वातावरण बंद. भर दुपारी सूर्यामागचे तारे दिसतात आणि सूर्य असतो चक्क धनूमध्ये. मग सूर्य मकरेत शिरण्याची संक्रांत कसली?

सॉफ्टवेअर इथे चुकत नाही. त्यातल्या तारकासमूहांच्या सीमा १९२८ मध्ये मान्य झालेल्या आहेत. एकूण समूह ८८, कुणी ऐसपैस तर कुणी चिंचोळा. आपल्या राशी मात्र सारख्या तीस-तीस अंशांच्या, एका ठरावीक बिंदूपासून मोजलेल्या. तो बिंदू कुठला, यावर महाराष्ट्रातली शहाणी मंडळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परिषदा भरवून भांडली.

चित्रा पक्ष म्हणे, चित्रा तारा १८० अंशांवर धरा, आरंभ आपोआप मिळतो. रैवत पक्ष म्हणे, रेवतीचा योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राचा खुणेचा तारा, हाच आरंभ. दोन्हींत फरक जेमतेम चार अंशांचा, पण सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून रैवत मताच्या पंचांगात संक्रांत १० जानेवारीला येते. ते पंचांग आजही निघतं. १९५२ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने चित्रेच्या बाजूने कौल दिला आणि २१ मार्च १९५६ चा अयनांश, म्हणजे वसंत संपात (सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातो तो बिंदू) आणि राशींचा आरंभ यांतलं अंतर, २३ अंश १५ कला धरला. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिचे महिने मात्र सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी संपातापासून मोजलेले, ठेवले. ताऱ्यांवरून मोजणारे आणि संपातावरून मोजणारे, दोघांनाही थोडं थोडं देण्याची सरकारी रीत, दुसरं काय!

समितीने चित्रा निवडली यावर टीका करणारे म्हणतात, रेवतीला परंपरेचा आधार होता. असेलही. पण स्टेलेरियममध्ये दोन्ही तारे शोधून बघा. चित्रा पहिल्या प्रतीची, ठळक. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर गादी टाकली की दक्षिणेला अर्ध्याहून वर दिसते, सदर-सीताबर्डीच्या उजेडातही. रेवतीचा तारा ५.२ प्रतीचा, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. प्रकाशप्रदूषणाची पातळी शहराएवढी वाढवली की तो पडद्यावरूनही गायब होतो. आरंभबिंदू सांगणारा ताराच सापडत नसेल तर सामान्य माणसाने पडताळा कशाचा घ्यायचा?

क्रांतिवृत्त (सूर्याचा वर्षभराचा मार्ग) आणि विषुववृत्ताच्या रेघा चालू करून वर्ष २८५ टाकलं, तर वसंत संपाताच्या समोरचा शरद संपात चित्रेशेजारी येतो. संपात साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, म्हणून वसंत संपात रेवतीजवळ यायला आणखी पावणेतीनशेहून अधिक वर्षं पुढे जावं लागतं. या एका खटपटीत वादाचं गणित डोळ्यांसमोर उभं राहतं.

नवतप्याचंही, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हाचंही, तसंच. २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला असं सगळं नागपूर म्हणतं, पण पडद्यावर तो कृत्तिका आणि रोहिणीच्या ताऱ्याच्या मधोमध असतो. त्या ताऱ्याजवळ पोचायला त्याला मे संपावा लागतो, कारण नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कलांचा पट्टा, एकटा तारा नव्हे.

रैवत पक्षाचा तारा प्रत्यक्ष बघायचाच असेल तर जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (अंधारं आकाश जपणाऱ्या परिसराचा) दर्जा मिळालेलं पेंच नागपूरजवळच आहे. डिसेंबरच्या मध्याला रात्री आठच्या सुमारास तो जवळपास डोक्यावर असतो.