माहिती सांभाळण्याचं शिक्षण : थोडी पार्श्वभूमी

मधली काही वर्षं फक्त प्रकल्पांवर काम केल्यानंतर मी पुन्हा माहिती व्यवस्थापनाचे व्यावसायिक प्रशिक्षणवर्ग घ्यायला लागणार आहे. जुनी टिपणं चाळली तेव्हा सॉफ्टवेअरवरची पानं बाद करावी लागली. बाकीचा भाग मात्र किरकोळ डागडुजीवर चालण्यासारखा निघाला. तो इतका टिकला, कारण तो संगणकाच्या आधीचा आहे.

अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी शाळा काढली. विश्वस्तांना न जुमानता त्यांनी स्त्रियांना प्रवेश दिला, आणि दोनच वर्षांत शाळेला कोलंबिया सोडून राज्याची राजधानी अल्बनी गाठावी लागली. तिथे तालिकापत्रांसाठी, म्हणजे ग्रंथसूचीच्या कार्डांसाठी, एक ठरावीक हस्ताक्षर घोटवून घेत : अक्षरं सुटी, वळण सगळ्यांचं सारखं. कार्ड कुणीही लिहिलेलं असो, वाचणारा अडखळता कामा नये. आज मेटाडेटाचे, म्हणजे फाइलविषयीच्या नोंदींचे, नियम शिकवताना आम्ही वेगळं काही करत नाही.

ब्रसेल्समध्ये पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ पासून जगभरच्या प्रकाशनांची कार्डं जमवली. ती कोटीच्या वर गेली. टपालाने प्रश्न पाठवला की शुल्क घेऊन उत्तर मिळे. मद्रासला ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन १९२९ पासून ग्रंथपालांना शिकवू लागले. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाने (पुस्तकं विषयवार लावण्याच्या पद्धतीने) विषयाला एकाच फांदीवर न टांगता त्याचे पैलू वेगळे पाडले. किंमत, रंग, आकार असे फिल्टर लावून ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांना ही कल्पना सरावाची आहे, नाव माहीत नसलं तरी.

दुसरा प्रवाह कचेऱ्यांमधला. दुसऱ्या महायुद्धाने सरकारी कागदांचे डोंगर उभे केले. अमेरिकेत सरकारी कारभार तपासणाऱ्या हूव्हर आयोगापाठोपाठ १९५० चा संघराज्य अभिलेख (म्हणजे कामकाजाची जपायची कागदपत्रं) कायदा आला, ब्रिटनमध्ये सरकारी अभिलेखांवरच्या ग्रिग समितीच्या १९५४ च्या अहवालानंतर १९५८ चा सार्वजनिक अभिलेख कायदा. कोणता कागद किती काळ ठेवायचा, याची अनुसूची करणं हे तेव्हापासून स्वतंत्र कसब झालं. ‘करार संपल्यापासून सहा वर्षं’ ही नोंद वाचायला सोपी वाटते. पण करार संपला हे अभिलेख विभागाला कळवणार कोण? वर्गात खरी वादावादी इथेच होते.

पुढे टेबलाटेबलावर संगणक आले आणि प्रत्येक जण स्वतःचा कारकून झाला. फाइल लावण्याचं काम सगळ्यांवर पडलं, शिक्षण मात्र फारसं कुणाला मिळालं नाही.

२००१ मध्ये अभिलेख व्यवस्थापनाचं आयएसओ १५४८९ हे आंतरराष्ट्रीय मानक निघालं. त्याच वर्षी एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी कोसळत असताना तिचे लेखापरीक्षक आर्थर अँडरसन यांच्या कचेरीत ढिगांनी कागद फाडले गेले. त्याआधी अँडरसनच्या कर्मचाऱ्यांना फर्मच्या दस्तऐवज-जतन धोरणाची आठवण करून देण्यात आली होती. धोरण होतं, ते पाळाही म्हटलं गेलं, आणि नेमकं तेच न्यायालयात वादाचं कारण ठरलं! फर्मला २००२ मध्ये झालेली शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली, कारण ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या; तोवर फर्म जवळपास संपली होती. नष्ट करण्याचं वेळापत्रक एरवी शांतपणे पाळावं आणि चौकशीची चाहूल लागताच थांबवावं, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि प्रश्नाची दिशा फिरली. व्यक्तिगत माहिती का पुसली याऐवजी ती अजून का ठेवली, याचा जाब द्यावा लागू लागला. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता भाषा-प्रारूपांवर (चॅटजीपीटीसारख्या एआयवर) चालणारी शोधसाधनं संस्थेच्या साठ्यावर बसवली जात आहेत. कच्चा मसुदा आणि मंजूर प्रत एकाच फोल्डरमध्ये खुणेविना पडलेली असेल, तर साधन मसुद्यातला आकडाही तितक्याच ठामपणे सांगतं. वाचण्याची परवानगी ढिली ठेवलेली असेल, तर वेतनाची फाइलही उत्तरात उतरते. म्हणून नव्या अभ्यासक्रमात साधनांची ओळख मी शेवटच्या सत्रात ढकलली आहे. पहिली दोन सत्रं नावं, आवृत्त्या आणि परवानग्या यांची.