क्षैतिज जनुक संक्रमण

मातृपेशीकडून कन्यापेशीला मिळणाऱ्या वारशाला फाटा देऊन एका जीवाणूची जनुके दुसऱ्या, प्रसंगी अगदी दूरच्या कुळातील जीवाणूत जाणे. रूपांतरण (भोवतालचा सुटा डीएनए आत घेणे), संयुग्मन (दोन पेशींच्या थेट संपर्कातून डीएनए देणे) व विषाणूंमार्फत होणारे पारक्रमण हे त्याचे तीन मुख्य मार्ग होत.

शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रेडरिक ग्रिफिथ (१९२८) यांना देतात. उष्णतेने मारलेले रोगकारक, कवचधारी न्यूमोकोकस (न्यूमोनियाचे जीवाणू) आणि जिवंत पण कवचहीन, निरुपद्रवी न्यूमोकोकस त्यांनी उंदरांना एकत्र टोचले. उंदीर दगावले व त्यांच्या रक्तात कवचधारी जिवंत जीवाणू सापडले. हा बदल घडवणारा पदार्थ डीएनए असल्याचे एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवले. एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे आमांशाचे जीवाणू जपानमध्ये १९५०च्या दशकात आढळले. ही प्रतिकारशक्ती संयुग्मनाने पसरते, हे त्या दशकाच्या अखेरीस उघड झाले.

उत्क्रांतिवृक्षाचा वाद त्यानंतरचा. वूज व फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधील (पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेतील) आरएनएच्या तुलनेवरून जीवसृष्टीच्या मूळ शाखा मांडल्या. जनुके आडवी फिरत असतील, तर एका रेणूचा वृक्ष संपूर्ण जीवाचा वंश सांगतो काय? लॉरेन्स व ऑकमन (१९९८) यांच्या अंदाजानुसार ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूच्या एका वाणातील ४,२८८ पैकी ७५५ जनुके साल्मोनेला या त्याच्या नातलग जीवाणूपासून फारकत झाल्यावर बाहेरून आली. मात्र हा अंदाज जनुकांच्या वेगळ्या घडणीवरून बांधलेला आहे. फार पूर्वी येऊन यजमानाच्या वळणावर गेलेली जनुके त्यातून निसटतात. उष्ण सागरी गाळातील थर्मोटोगा मारिटिमा या जीवाणूची सु. २४ टक्के जनुके आर्कियांशी (जीवाणूंहून वेगळ्या शाखेतील एकपेशीय सजीवांशी) सर्वाधिक जुळतात, असे १९९९ मध्ये नोंदले गेले. पुढील विश्लेषणात याच गटाची रायबोसोमी प्रथिने एका कुळाकडे, तर इतर पुष्कळ जनुके क्लॉस्ट्रिडिया या दुसऱ्या जीवाणुगटाकडे बोट दाखवतात असे दिसले. डूलिटल (१९९९) यांनी वृक्षाऐवजी जाळ्याची कल्पना पुढे केली. त्याच वर्षी जैन, रिव्हेरा व लेक यांनी वेगळी बाजू मांडली : रायबोसोमसारख्या गुंतागुंतीच्या यंत्रणेतील जनुके सहसा जागा सोडत नाहीत, चयापचयाची मात्र सहज फिरतात. ही भूमिका अधिक ग्राह्य वाटते. तथापि तिच्यावर उभा राहणारा वृक्ष मूठभर जनुकांचाच असतो.

बहुपेशीय सजीवांबाबत पुरावा बराच तुटपुंजा आहे. मानवी जनुकसंचात जीवाणूंकडून आलेली २२३ जनुके असावीत, असे २००१ मध्ये सुचवले गेले. फेरतपासणीत त्याच वर्षी ही संख्या सु. ४० वर आली.