वणवा विझल्यावर लागणारा पैसा

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या दिवशी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला. सोसाट्याच्या वाऱ्याने वणवे इतक्या वेगाने पसरले की डोंगरातले मॅरिसव्हिल गाव जवळजवळ सगळे जळाले आणि किंगलेक परिसरात अनेकांना घराबाहेर पडायलाही वेळ मिळाला नाही. १७३ माणसे गेली, दोन हजारांहून जास्त घरे राख झाली. तिथे हा दिवस 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणून ओळखला जातो. वणवे व्हिक्टोरियाला नवे नव्हते. १९३९ साली ७१ जणांचा बळी गेला होता, तर १९८३ च्या 'ॲश वेन्सडे'ने व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया मिळून ७५ जणांचा जीव घेतला होता. मात्र २००९ मध्ये लोकांनी जेवढे पैसे दिले, तेवढे त्या देशात तोवर कधी जमले नव्हते.

राज्य सरकार, केंद्र सरकार आणि रेडक्रॉस यांनी मिळून निधी उघडला. त्यात ३७ कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमा झाले. हा पैसा कुणाला, किती आणि कधी द्यायचा हे ठरवण्यासाठी एक सल्लागार मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते राज्याचे माजी गव्हर्नर जॉन लँडी. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे जगातले दुसरे धावपटू म्हणून जुन्या क्रीडारसिकांना हे नाव ठाऊक असेल. आधी जीव गमावलेल्यांच्या कुटुंबांना आणि घर गमावलेल्यांना रोख मदत, मग राहण्याची सोय, मग गावाच्या सामायिक गरजा, अशा टप्प्यांनी पैसा बाहेर पडू लागला. सगळी रक्कम पहिल्याच महिन्यात वाटून मोकळे व्हायचे नाही, हे धोरण होते. ते पाळणे सोपे नव्हते. तंबूत राहणाऱ्या माणसाला 'निधीत कोट्यवधी शिल्लक आहेत' ही बातमी कशी वाटत असेल, याची कल्पना करता येते.

तरीही धोरण बरोबर होते, असे मला वाटते. सरकारी यंत्रणेची मुदत किती तोकडी असते ते पाहा. पुनर्उभारणीसाठी क्रिस्टीन निक्सन यांच्या नेतृत्वाखाली खास प्राधिकरण नेमले गेले, गावोगावी लोकांच्या समित्या झाल्या. पण २०११ च्या मध्याला ते प्राधिकरण बंदही झाले. त्या वेळी कित्येकांची घरे उभी राहायची होती. ब्लॅक सॅटर्डेच्या वणव्यांपैकी किलमोर ईस्ट भागातला वणवा वीजवाहिनीतून पेटला होता. त्याबद्दलच्या सामूहिक दाव्यात जवळजवळ ५० कोटी डॉलरांची तडजोड झाली ती २०१४ साली, म्हणजे आगीनंतर पाच वर्षांनी, आणि माणसांच्या हातात पैसे पडायला त्यानंतरही काळ गेला. सरकारी मदत आटत गेली आणि कोर्टाचा पैसा आला नव्हता, त्या मधल्या वर्षांत देणगीचाच आधार होता.

मेलबर्न विद्यापीठात लिसा गिब्स यांच्या चमूने या गावांतल्या हजाराहून अधिक लोकांचा पाठपुरावा केला. सर्वाधिक होरपळलेल्या भागात दहा वर्षांनंतरही साधारण पाचातल्या एका माणसात मानसिक आजाराची लक्षणे दिसत होती. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: जे लोक गावातल्या एखाद-दुसऱ्या मंडळात, क्लबात, संघटनेत होते, ते तुलनेने सावरलेले होते. म्हणजे गावाच्या सभागृहाचे छप्पर किंवा खेळाचे मैदान यांवरचा खर्च चैनीचा नव्हे. तेही उपचारच. संशोधकांनी निदान पाच वर्षांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा हवा, अशी शिफारस केली.

मग २०१९-२० चा भयंकर उन्हाळा आला. तीन हजारांहून जास्त घरे गेली. विनोदी कलाकार सेलेस्ट बार्बर यांनी फेसबुकवर हाक दिली आणि पाहता पाहता ५ कोटी १० लाख डॉलर जमले. पैसे ज्या न्यासाकडे गेले तो होता न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाचा, आणि त्याच्या न्यासपत्रात लिहिलेले काम होते दलाच्या पथकांची साधने, प्रशिक्षण, व्यवस्था. देणाऱ्यांना वाटत होते की घर जळालेल्यांना आणि होरपळलेल्या प्राण्यांनाही यातले काही मिळेल. न्यासाने न्यायालयाकडे मार्गदर्शन मागितले. मे २०२० मध्ये न्यायमूर्ती मायकेल स्लॅटरी यांनी निकाल दिला: जखमी जवान, मृत जवानांची कुटुंबे आणि स्वयंसेवकांचे शारीरिक-मानसिक आरोग्य यांसाठी खर्च चालेल, पण इतर संस्थांना किंवा प्राण्यांसाठी पैसे देता येणार नाहीत. पोस्टमध्ये काय म्हटले होते याने न्यासपत्र बदलत नाही. लाखो लोकांच्या मनातला हेतू एका कागदापुढे थांबला. पुनर्वसनाचा पैसा वेगळा हवा असेल तर तो हाक देतानाच कागदावर आणावा लागतो.

त्याच जानेवारीत रेडक्रॉसवर उलट दिशेने टीका झाली. त्यांच्याकडे वीस कोटींहून अधिक जमणार होते आणि त्यातला काही भाग पुढच्या गरजांसाठी राखणार, असे त्यांनी सांगितले होते. राजकारणी चिडले, वर्तमानपत्रे चिडली. धर्मादाय संस्थांच्या नियामकाने नंतर केलेल्या तपासात संस्थेने वावगे काही केल्याचे आढळले नाही. पण राखणे आणि अडवणे यांतला फरक लोकांना वेळीच, सोप्या शब्दांत सांगितला नाही तर राखणारा अडवणाराच ठरतो.

या सगळ्यात एक संस्था फारशी चर्चेत नसते, आणि माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे काम तिचेच आहे. 'फाउंडेशन फॉर रूरल अँड रीजनल रिन्यूअल' ही बेंडिगो शहरातली संस्था २००० साली केंद्र सरकार आणि सिडनी मायर फंड यांनी स्थापली. मायर हे रशियन साम्राज्यातून आलेले स्थलांतरित. बेंडिगोत दुकान काढून मोठे झाले आणि १९३४ मध्ये जाताना संपत्तीचा दहावा हिस्सा समाजासाठी ठेवून गेले. ऑस्ट्रेलियात मोठे देणगीदार न्यास बहुतेक वेळा करसवलतीचा विशिष्ट दर्जा असलेल्या संस्थांनाच पैसे देऊ शकतात. चारशे वस्तीच्या गावातल्या सभागृह समितीकडे तो दर्जा कुठून असणार? बेंडिगोच्या या संस्थेला कायद्याने खास दर्जा आहे. ती मोठ्यांकडून पैसा घेते आणि अशा समित्यांपर्यंत पोचवते. पहिल्या गर्दीत ती घाई करत नाही. पाहुणे, कॅमेरे, मंत्री निघून गेले, सैरभैर झालेले लोक पुन्हा एकत्र बसू लागले, आणि आपल्याला नेमके काय हवे हे गावालाच उमगले, की अर्ज येतात. कुणाला सभागृहाचे स्वयंपाकघर हवे असते, कुणाला वीज गेल्यावर चालणारे जनरेटर, कुणाला पाण्याची टाकी.