रेती संपली की स्लॅब थांबला

नागपुरात बेसा-मनीषनगरकडं रोज कुठं ना कुठं स्लॅब टाकणं सुरूच असतं, आणि मिस्त्रीला विचारलं माल पुरेल का तर उत्तर एकच, "होऊन जाते नं भाऊ". तो निदान अनुभवावर बोलतो, पण क्लासमधली पोरं हेच गणित वहीत सोडवताना सगळ्या मालाची बेरीज करून तिला प्रमाणाच्या बेरजेनं भागतात, तिथं मात्र माझं डोकं फिरतं.

एम-२० (काँक्रीटच्या मजबुतीचा एक दर्जा) चं काँक्रीट घ्या. सिमेंट, रेती, गिट्टी १ : १.५ : ३, घमेल्याच्या मापानं. साइटवर सिमेंट ४० घमेली, कन्हान नदीची रेती ४५, गिट्टी १०५. बेरीज १९०, भागिले ५.५, म्हणजे साडेचौतीस वाटे (एक वाटा म्हणजे १ सिमेंट, १.५ रेती, ३ गिट्टी)? त्याला जवळपास ५२ घमेली रेती लागते, आणायची कुठून? दुसरी चूक म्हणजे सिमेंटचा ढीग सगळ्यात लहान दिसतो म्हणून तेच आधी संपेल असं वाटणं. प्रत्येक मालाला प्रमाणातल्या त्याच्या स्वतःच्या आकड्यानं भागा: सिमेंट ४०, रेती ३०, गिट्टी ३५. सगळ्यात लहान उत्तर ३०, विषय संपला. १० सिमेंट अन् १५ गिट्टी पडून राहील, आणि वर सिमेंटच्या अजून गोण्या आणून टाकल्या तरी ३० चे ३१ होत नाहीत. साडेसात घमेली रेती आणली तर मात्र ३५ होतात, पण तिथं गिट्टीही संपते, त्यापुढं एकट्या रेतीनं भागत नाही. अकरावीच्या केमिस्ट्रीतला लिमिटिंग रिएजंट (जो आधी संपतो आणि किती बनेल ते ठरवतो तो पदार्थ) हाच, फक्त तिथं घमेल्याऐवजी मोल, म्हणजे कणांची संख्या मोजायचं माप.

आता खरी मजा. वरचं सगळं माल वेगवेगळा असेपर्यंतच. एकदा मिक्सरमधे पडला की रेती परत काढता येत नाही, सावजी रश्श्यात मीठ जास्त झालं की रस्साच वाढवावा लागतो तसं. समजा साइटवरच्या पोरानं २ सिमेंट, ६ गिट्टी आणि ३ ऐवजी साडेचार रेती टाकली. भागाकार तसाच: सिमेंट २, रेती ३, गिट्टी २. पण आता सगळ्यात मोठं उत्तर पकडायचं, ३, आणि बाकीच्यांना तिथवर न्यायचं, म्हणजे अजून १ सिमेंट अन् ३ गिट्टी. मोठं का, तर कमी करायचा रस्ताच बंद झाला, आता जे जास्त पडलंय तेच हिशोब ठरवणार. ढिगात असेल तर किमान, कालवलं की कमाल, आणि दुरुस्तीपुरता माल बाहेर उरलाय का हे परत किमानाच्या नियमानं बघायचं. रीलवर याला 'वैदिक ट्रिक' म्हणून विकणारे आहेत, दोन-तीन भागाकारांत कसलं आलंय गूढ! आणि मिक्सरला लिंबू-मिरची बांधता तेवढ्या वेळात घमेली मोजून होतात.

एक गोची राहते. ओलसर रेती फुगते, कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि ते एकमेकांना चिकटून घट्ट बसत नाहीत, त्यामुळं तेवढीच रेती वीस टक्के जास्त जागा घेऊ शकते (पूर्ण पाण्यात बुडवली की परत खाली बसते). म्हणजे जुलैतली ४५ घमेली अशी फुगलेली असेल तर खरी ४५ भागिले १.२, साडेसदतीस, आणि दीडनं भागलं की वाटे ३० नाही, २५. पाण्याचा हिशोबही तिथंच बिघडतो, आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एम-२० ला ५० किलोच्या गोणीमागं जास्तीत जास्त ३० लिटर, त्यात ही रेतीतली ओल पण धरायची.