एका निकालाचे तीन पत्ते: वकिलांच्या सायटेशनमागची गोष्ट

राज्यघटनेच्या मूळ चौकटीबद्दलचा केशवानंद भारतीचा निकाल कुठं मिळेल असं कुणा जुन्या वकिलाला विचारा, एआयआर १९७३ एससी १४६१ हे तोंडपाठ येईल, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरचा १९७३ चा व्हॉल्युम, सुप्रीम कोर्टाचा भाग, पान १४६१. निकालाच्या या पत्त्यालाच सायटेशन म्हणतात. शेजारी बसलेला म्हणेल, १९७३ चा चौथा व्हॉल्युम, एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस, पान २२५. दोघंही बरोबर आहेत. निकाल एकच, २४ एप्रिल १९७३ चा, तेरा जजेसच्या बेंचचा, सात विरुद्ध सहा. पण छापणारे वेगळे म्हणून पत्ते वेगळे, आणि सुप्रीम कोर्टाच्या स्वतःच्या एससीआरमध्ये, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्समध्ये, त्याचा आणखी तिसराच पत्ता. वकिलीची नवी सनद घेतलेली मुलं मला विचारतात की कोर्टानंच एक नंबर देऊन टाकायला काय झालं होतं. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मिळायला दीडशे वर्षं लागली.

१८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं. खालच्या कोर्टात वरच्या कोर्टाचा निकाल दाखवायचा तर तो कुठंतरी छापलेला हवा, आणि छापलेलं विश्वासाचं हवं. म्हणून १८७५ मध्ये इंडियन लॉ रिपोर्ट्स ॲक्ट आला आणि १८७६ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई, अलाहाबाद अशा आयएलआरच्या सरकारी मालिका निघायला लागल्या. त्या कायद्याचं कलम ३ वाचण्यासारखं आहे, हायकोर्टाच्या निकालाचा सरकारी सोडून दुसरा रिपोर्ट ऐकून घ्यायला कोर्ट बांधील नाही असंच त्यात म्हटलंय. म्हणजे कागदावर खाजगी रिपोर्टरला, निकाल छापणाऱ्या खाजगी मालिकेला, जागाच नव्हती.

पण वकील थांबतो का? आयएलआरमध्ये मोजकेच निकाल यायचे, तेही उशिरा, आणि इकडं तारीख तर परवाची. १८९९ मध्ये मुंबईत रतनलाल आणि धीरजलाल यांनी बॉम्बे लॉ रिपोर्टर काढला, आपण ज्याला बॉम एलआर म्हणतो तो. आणि मग एआयआर, ज्याचे व्हॉल्युम १९१४ पासूनचे आहेत. नागपूरच्या व्ही. व्ही. चितळे यांचं हे काम, आणि मला मनापासून वाटतं की मराठी माणसानं केलेल्या मोठ्या कामांच्या यादीत हे कधी घेतलं जात नाही ते घ्यायला हवं. कल्पना बघा ना, आधी प्रत्येक हायकोर्टाचे व्हॉल्युम वेगळे घ्यायचे, कलकत्त्याचे वेगळे, मद्रासचे वेगळे, तालुक्याच्या वकिलाला ते परवडणार कसं, तर एआयआरनं सगळी हायकोर्टं आणि प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं लंडनचं शेवटचं अपील कोर्ट, एकाच वार्षिक मालिकेत आणलं, प्रत्येक कोर्टाचा भाग वेगळा. वर्ष, कोर्ट, पान, एवढं लिहिलं की देशातला कुठलाही वकील त्याच पानावर पोचणार! एआयआर १९३६ बॉम्बे असं लिहितो ते तिथूनच आलंय. सरकारी मालिका मागं पडली ती कुणी पाडली म्हणून नाही, गरज दुसऱ्यानं भागवली म्हणून.

आता हेडनोटबद्दल, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशाबद्दल, बोलायलाच पाहिजे, कारण रिसर्चची खरी चावी ती आणि धोकाही तोच. हेडनोट कोर्ट लिहीत नाही, रिपोर्टरचे संपादक लिहितात. मी ज्युनियर असताना एका अपिलात हेडनोटवरून पॉइंट मांडला, फ्लॅग लावून व्हॉल्युम वर दिला, जजसाहेबांनी शांतपणे पान उलटलं आणि विचारलं, वकीलसाहेब, हे कुठल्या पॅरात आहे? मी शोधत राहिलो, शेवटी सापडलं, तर ते कोर्टाचं म्हणणंच नव्हतं, समोरच्या वकिलाचा युक्तिवाद नोंदवलेला होता. सिनियर तेव्हा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी ऑफिसात तो अख्खा निकाल मला मोठ्यानं वाचायला लावला. त्या दिवसापासून रेशो, म्हणजे निकालामागचं कायद्याचं मूळ कारण, पॅरा नंबरसकट वहीत उतरवल्याशिवाय मी कुठलाच निकाल दाखल केलेला नाही.

१९६९ मध्ये लखनौहून एससीसी आलं आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांत बघता बघता पुढं गेलं. निकाल नक्की कुणाच्या मालकीचा हा वाद एससीसी छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्याच केसमध्ये सुटला. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, डिसेंबर २००७. सुप्रीम कोर्टानं म्हटलं की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, नुसतं प्रूफ तपासून आणि चुका दुरुस्त करून त्यावर हक्क येत नाही, पण पॅरे पाडून नंबर देणं, कुठला जज सहमत कुठला असहमत हे दाखवणं, यात संपादकाची अक्कल आहे, ते काम त्यांचं. मला हा निवाडा फार न्याय्य वाटतो. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २००८ ला, सुशांत सिन्हा या इंजिनियरनं इंडियन कानून सुरू केलं, फुकट, आणि ज्याच्याकडं सबस्क्रिप्शनला पैसे नाहीत त्या वकिलाच्या हातात सर्च आला. सीडी, मनुपात्रसारख्या पैसे भरून वापरायच्या वेबसाइट वगैरे आधीपासून होतंच, पण ते ज्याला परवडेल त्याचं.

कोर्टाचा स्वतःचा नंबर मात्र २०२३ मध्ये आला. जानेवारीत ई-एससीआर, म्हणजे एससीआरची ऑनलाइन आवृत्ती, खुलं झालं, सुरुवातीलाच सुमारे ३४ हजार निकाल मोफत, आणि त्याच वर्षी न्यूट्रल सायटेशन, म्हणजे छापणाऱ्याचा नव्हे तर कोर्टाचाच नंबर, सुप्रीम कोर्टाला आयएनएससी, आपल्याकडं मुंबई हायकोर्टाला बीएचसी, पुढं एएस म्हणजे अपिलेट साइड, नाग म्हणजे नागपूर, एयूजी म्हणजे औरंगाबाद, आणि गोवा. हे व्हायलाच हवं होतं.

पण नंबर खरा म्हणजे निकाल खरा असं नाही, आणि आता तर नंबरही खोटे येतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चॅटजीपीटीनं बनवलेले निकाल दाखल केले म्हणून वकिलांना ५ हजार डॉलर दंड झाला, आणि २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं एक इन्कम टॅक्सची असेसमेंट ऑर्डर रद्द केली कारण ऑफिसरनं आधार घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. निकाल पुढं ओव्हररूल झालाय का, म्हणजे नंतरच्या निकालानं चुकीचा ठरवलाय का, हेही न्यूट्रल सायटेशन सांगत नाही, ते बघावंच लागतं.

आमच्या बार लायब्ररीत खालच्या रॅकला जुने व्हॉल्युम आहेत, लाल पुठ्ठ्याचे, कणा सुटलेले. मागच्या महिन्यात इनाम जमिनीच्या मॅटरसाठी त्यातला एक काढला, हवं ते पान सुटून हातात आलं, कडेला कुणीतरी शाईच्या पेनानं रेघ ओढून तारीख टाकलेली, १९५२ ची. फोटो काढला, पान परत जागेवर ठेवलं आणि लायब्ररीयनला सांगून व्हॉल्युम बाइंडिंगला पाठवला.